औषध कीं प्रसाधन ?

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींजण मनांत म्हणतील, कीं एका सेवानिवृत्त शाळामास्तरानें शिवकाल आणि पेशवाई सोडून तोंडाला लावावयाच्या द्रव्यांवर कां बोलावें ? प्रश्न रास्त आहे. त्याचें कारण आमच्या घरांतच घडलें.

गेल्या चैत्रांत आमच्या सूनबाईनें आपल्या सासूबाईंच्या वाढदिवसानिमित्त एक भेट आणली. बोटभर उंचीची कांचेची बाटली, टोपणालाच रबरी फुगा व नळी, आणि आंत पाण्यासारखें नितळ द्रव. वेष्टनावरील बारीक अक्षरांच्या गर्दींत एकच शब्द मला वाचतां आला : पेप्टाइड. किंमत मात्र चष्मा पुसून दोनदां वाचावी लागली. आमच्या घरीं महिन्याभराच्या दुधाला जेवढे रुपये लागतात, त्याच्या जवळपास ती जात होती. आमच्या कुटुंबाच्या गालांवर बरीच वर्षें वांग आहेत. लग्नकार्यांत फोटोची वेळ आली कीं ती हळूच मागच्या रांगेंत जाऊन उभी राहते, हें मीं तीस वर्षें पाहिलें आहे, आणि त्याबद्दल एक शब्दहि कधीं बोललों नाहीं. त्या संध्याकाळीं तिनें ती बाटली हातांत धरून मला विचारलें, “अहो, हें आंत जाऊन खरेंच कांहीं करतें का हो ?”

जन्मभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरें देत आलेल्या मास्तराजवळ या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. रसायनशास्त्र माझ्या वांट्याला फारसें आलें नाहीं. परंतु धंतोलींत राहणाऱ्याला डॉक्टरांची वाण नाहीं. येथें दर दोन घरांआड एक दवाखाना आहे. विचारीत गेलों, वाचीत गेलों, आणि जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

पहिली गोष्ट ही समजली, कीं कुटुंबाचा प्रश्न नवा नाहीं. आणि आमच्या नागपुरांतून तो एकदां नव्हे, दोनदां दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. वाद होता हळदीचा आणि दंतमंजनाचा.

आपल्या घरांतून हळद पिढ्यान् पिढ्या अंगाला लागत आली. बोहल्यावर चढणाऱ्या मुलीला ती लागली, खरचटलेल्या गुडघ्यावर ती दाबली गेली, दुधाच्या सायींत कालवून ती गालांवर चोळली गेली. ही हळद औषध आहे कीं शृंगार आहे, असें कोणीं विचारलें नाहीं. विचारावयाचें कारणहि नव्हतें. तें कारण निर्माण केलें करवसुलीनें.

नागपुराहून मुंबईस गेलेले केशव विष्णु पेंढरकर यांनीं १९५२ सालीं विको हा कारखाना काढला. आरंभीं दंतमंजन, आणि पुढें १९७५ च्या सुमारास हळदीचें मलम बाजारांत आलें. हें मलम आयुर्वेदीय औषध मानलें तर अबकारी कराचा हिशेब एक. सौंदर्यप्रसाधन मानलें तर तो हिशेब फारच जड. सरकारी खातें म्हणे, हें प्रसाधन आहे. कारखाना म्हणे, हें औषध आहे. दिवाणी न्यायालयापासून सुरू झालेलें हें प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेलें, तेथें कारखान्याची सरशी झाली; परंतु १९८५ सालच्या कराच्या नव्या कायद्यामुळें वाद पुन्हां उभा राहिला. अखेर २००४ सालच्या शेवटीं, नागपूरचे अबकारी आयुक्त विरुद्ध विको अशा नांवाच्या अपिलांत, सर्वोच्च न्यायालयानें कारखान्याच्या बाजूनें निकाल दिला. हळदीचें मलम औषध ठरलें. मधल्या काळांत पाव शतकाहून अधिक वर्षें लोटलीं होतीं, आणि ज्या मुलींनीं पहिली नळी विकत घेतली असेल त्या मुलींच्या मुली वयांत आल्या होत्या.

परंतु याच नागपूरच्या खात्याशीं झालेल्या दुसऱ्या वादांत निकाल उलट लागला होता. बैद्यनाथ या आयुर्वेदीय कारखान्याचें लाल दंतमंजन १९९५ सालीं त्याच न्यायालयानें औषध मानलें नाहीं. तेथें न्यायाधीशांनीं लावलेली कसोटी मला फार मार्मिक वाटते. ग्रंथांत काय लिहिलें आहे एवढेंच न पाहतां, वस्तु विकत घेणारा सामान्य माणूस तिला काय समजतो, हें त्यांनीं पाहिलें. औषध वैद्य सांगतो, तें कांहीं दिवस घेतात, आणि दुखणें गेलें कीं सोडतात. जें निरोगी माणूस रोज सकाळीं उठून वापरतो तें औषध कसें? दोन्ही निकालांतील पुरावे व मुद्दे निरनिराळे होते, हें खरें. तरी सामान्य वाचकाच्या मनांत एवढें राहतेंच, कीं औषध आणि प्रसाधन यांमधील रेघ सर्वोच्च न्यायालयालाहि सहजासहजीं ओढतां आलेली नाहीं. (हळदीची आणखी एक लढाई आपणांस आठवत असेल. जखम भरून काढण्याच्या हळदीच्या गुणावर अमेरिकेंत १९९५ सालीं कोणी पेटंट मिळविलें, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते त्या परिषदेनें जुने ग्रंथ पुढें करून १९९७ सालीं तें रद्द करविलें. तें मात्र आजच्या विषयाबाहेरचें आहे.)

आतां पेप्टाइडकडे वळूं. हा शब्द ग्रीक धातूपासून निघाला असून त्याच्या मुळाशीं ‘पचलेलें’ असा अर्थ आहे. मांस, डाळ, दूध यांतील प्रथिनें पोटांत पचतात तेव्हां त्यांचे लहान लहान तुकडे होतात. त्या तुकड्यांवरून हें नांव पडलें. तें ठेवलें जर्मनीचे थोर रसायनशास्त्रज्ञ एमील फिशर यांनीं. १९०१ सालीं त्यांनीं फूर्नो या आपल्या सहकाऱ्याबरोबर अमायनो आम्लाचे दोन रेणु एकमेकांस जोडून दाखविले. पुढल्याच वर्षीं, १९०२ च्या सप्टेंबरांत, कार्ल्सबाद येथें भरलेल्या शास्त्रज्ञांच्या संमेलनांत एक विलक्षण योग घडून आला. होफ्माइस्टर या दुसऱ्या विद्वानानें आणि फिशर यांनीं, एकाच दिवशीं, स्वतंत्रपणें, एकच सिद्धांत मांडला : प्रथिनें म्हणजे अमायनो आम्लांच्या लांबच लांब माळा आहेत. आपल्या बायका काळी पोत ओंवतात तसेंच हें समजावें. दोन, पांच, दहा मणी ओंवले तर तें पेप्टाइड. शेंकडों मणी ओंवून ती पोत विशिष्ट रीतीनें वळली, गुंडाळली गेली म्हणजे प्रथिन. फिशर यांनीं १९०७ पर्यंत अठरा मण्यांची माळ हातानें तयार केली. एकेक मणी जोडावयाचा, शुद्ध करावयाचा, पुन्हां जोडावयाचा. काय चिकाटी असेल!

अमेरिकेंत ब्रूस मेरिफील्ड यांनीं हें काम १९६३ सालीं सोपें केलें. माळेचें एक टोंक राळेच्या बारीक कणाला बांधून ठेवावयाचें, म्हणजे दर वेळीं धुतांना माळ वाहून जात नाहीं. या साध्या वाटणाऱ्या कल्पनेला १९८४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. ती नसती तर आमच्या घरची ती बाटलीहि नसती.

पण चेहऱ्याशीं या माळांचा संबंध काय ? त्यासाठीं मद्रासला जावें लागेल. त्वचेंतील पाणी काढून टाकलें तर उरलेल्या वजनाचा सुमारें सत्तर टक्के भाग कोलॅजन नांवाच्या प्रथिनाचा असतो. त्वचेला ताठपणा देणारें तेंच. वय वाढतें, ऊन लागतें, तसतसें तें झिजतें, तुटतें, आणि सुरकुत्या पडतात. या कोलॅजनची घडण कशी आहे, हें जगांतील मोठमोठ्या प्रयोगशाळांना उलगडत नव्हतें. मद्रास विद्यापीठांतील तिशीच्या आसपासचे प्राध्यापक गो. ना. रामचंद्रन् आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांनीं १९५४ सालीं तें कोडें सोडविलें. कोलॅजन म्हणजे एक माळ नसून तीन माळा एकमेकींभोंवतीं दोरीसारख्या पिळलेल्या असतात, आणि प्रत्येकींत दर तिसरा मणी सर्वांत लहान, ग्लायसीनचा, असतो. कारण पिळाच्या पोटांत त्याहून मोठ्या मण्याला जागाच नाहीं. पुढल्या वर्षीं त्यांनीं या पिळाचें चित्र अधिक नेमकें केलें. जवळच अड्यार येथें चामड्याचें संशोधन करणारी केंद्रीय संस्था होती. कमावलेलें कातडें म्हणजेहि कोलॅजनच, हें ध्यानांत घेतलें तर हा शेजार किती अर्थपूर्ण होता तें कळतें. आपल्या देशांत, तुटपुंज्या साधनांनिशीं, ही गोष्ट साधली. आणि आज चेहऱ्याच्या औषधांच्या जाहिरातींत कोलॅजन हा शब्द शंभरदां ऐकूं येतो, तरी रामचंद्रन् हें नांव एकदांहि ऐकूं येत नाहीं. शाळामास्तराला ही गोष्ट टोंचते.

कोलॅजन तुटलें म्हणजे त्याचे तुकडे, म्हणजे पेप्टाइडच, त्वचेंत मोकळे होतात. त्वचेंतील पेशी या तुकड्यांवरून ‘घर पडलें आहे, नवें बांधा’ असा निरोप समजतात कीं काय, ही कल्पना शास्त्रज्ञांच्या मनांत घोळूं लागली. १९७३ सालीं लॉरेन पिकार्ट या अमेरिकन संशोधकास मनुष्याच्या रक्तरसांत तीनच मण्यांची एक माळ सांपडली. ती तांब्याला धरून राहते. ही ताम्र-पेप्टाइड प्रयोगशाळेंतील पेशींना दिली असतां त्या अधिक कोलॅजन निर्माण करतात, असें १९८८ सालीं फ्रान्समध्यें दिसून आलें. १९९३ सालीं कोलॅजनच्या कच्च्या रूपांतला पांच मण्यांचा एक तुकडा तेंच काम करतो असें प्रसिद्ध झालें. तिसरी जात आहे सहा मण्यांची : मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा आकुंचनाचा निरोप ती अडविते, असा तिच्या निर्मात्यांचा दावा. बाजारांतील बहुतेक बाटल्यांत या तिहींपैकीं एखादी, किंवा तिच्या जातीची दुसरी कोणी, असते.

येथपर्यंतचा इतिहास मोठा उत्साहवर्धक आहे. पण पेशी होत्या प्रयोगशाळेच्या बशींत. बशीला कातडी नसते.

आपल्या त्वचेचा अगदीं वरचा थर मृत पेशींचा असून त्याची जाडी एक मिलिमीटरच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागाएवढी असते. इतका पातळ, पण पहारा असा कडक कीं विचारूं नका. २००० सालीं बोस आणि माइनार्डी या डच संशोधकांनीं एक ढोबळ नियम सांगितला : ज्या द्रव्याच्या रेणूचें वजन हायड्रोजनच्या अणूच्या पांचशेंपटीहून जास्त, तें सहसा या पहाऱ्यांतून आंत जात नाहीं. या मापानें अख्ख्या कोलॅजनचें वजन सुमारें तीन लाख. तेव्हां ज्या मलमांत ‘शुद्ध कोलॅजन’ घातल्याची जाहिरात असते, तें त्वचेंत जाऊन बसेल ही आशा व्यर्थ आहे. तें वर राहून ओलावा धरील, इतकेंच. तीन मण्यांची माळ ३४० भरते. पांच मण्यांची ५६३. ती आंत सरकावी म्हणून तिला पामच्या तेलांत सांपडणाऱ्या स्निग्ध आम्लाची शेपटी जोडतात. त्यामुळें ती तेलांत मिसळते, पण वजन मात्र ८०० च्या वर जातें.

मला हें सर्व आंकडे वाचून जें सुचलें तें फार साधें होतें. इन्शुलिन हेंहि ५१ मण्यांचें एक पेप्टाइडच आहे. ज्यांच्या घरीं मधुमेह आहे त्यांना तें सुईनें टोंचून घ्यावें लागतें. कातडी जर इतकी उदार असती, तर तें गालाला चोळून भागलें नसतें काय ?

मग हीं लहान पेप्टाइडें अगदींच निरुपयोगी म्हणावयाचीं ? तसें म्हणणेंहि न्यायाचें होणार नाहीं. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ३५ ते ५५ वर्षें वयाच्या ९३ स्त्रियांनीं बारा आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूस पांच मण्यांच्या पेप्टाइडचें मलम आणि दुसऱ्या बाजूस तेंच मलम पेप्टाइडवांचून लावलें. कोणत्या बाजूस काय आहे, हें त्यांना ठाऊक नव्हतें, तपासणाऱ्यांनाहि नव्हतें. पेप्टाइडच्या बाजूस बारीक सुरकुत्या थोड्या कमी झाल्या. फरक लहान होता, पण मोजण्याजोगा होता. प्रमाण होतें दहा लाखांत अवघे तीन भाग. हा प्रयोग मलमें विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्याच शास्त्रज्ञांनीं केला होता, हेंहि सांगितलें पाहिजे. सहा मण्यांच्या पेप्टाइडनें तीस दिवसांत सुरकुतीची खोली तीस टक्क्यांपर्यंत कमी झाली, असा जो दाखला २००२ पासून सर्वत्र दिला जातो, त्या प्रयोगांत स्त्रिया होत्या दहा. माझ्या वर्गांत दहा मुलांची परीक्षा घेऊन मीं साऱ्या जिल्ह्याचा निकाल सांगितला असता, तर तपासनीसांनीं मला काय म्हटलें असतें !

आतां पुन्हां कायद्याकडे यावयाचें, कारण खरी गंमत तेथें आहे. आपल्या देशांत १९४० सालीं औषधांचा कायदा झाला. त्यांत प्रसाधनें आलीं १९६२ च्या दुरुस्तीनें. त्या कायद्याप्रमाणें जें अंगाला चोळावयाचें, शिंपडावयाचें, आणि ज्याचा हेतु स्वच्छता, सौंदर्य किंवा रूपांत बदल एवढाच, तें प्रसाधन. उलट, शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम घडविण्यासाठीं म्हणून सरकारनें ठरविलेलीं द्रव्यें औषधांत जमा होतात. श्रोतेहो, पेप्टाइडच्या बाटलीला या दोन वाक्यांपुढें उभी करून पाहा. ‘हें त्वचेंत शिरून नवें कोलॅजन निर्माण करतें’ असें तिनें ठासून म्हटलें, तर ती शरीराची रचना बदलते आहे. मग औषधाप्रमाणें परवाना काढा, रोग्यांवर चांचण्या करा, पुरावा द्या. तसें म्हटलें नाहीं, तर एवढे पैसे कोण देईल ? हळदीच्या मलमाला औषध ठरावयाचें होतें, कारण तेथें कर कमी होता. पेप्टाइडला प्रसाधनच राहावयाचें आहे, कारण तेथें पुरावा कमी मागतात. आणि मन मात्र औषधाचें जिंकावयाचें आहे.

यावर जाहिरात लिहिणाऱ्यांनीं एक उपाय काढला आहे, आणि व्याकरण शिकविणाऱ्या माणसाच्या नजरेंतून तो सुटत नाहीं. ‘सुरकुत्या कमी होतात’ असें बाटलीवर सहसा नसतें. ‘सुरकुत्या कमी झालेल्या दिसतात’ असें असतें. त्या एका क्रियापदांत सगळा कायदा सामावला आहे. आपण आपल्या घरची बाटली वाचून पाहा. द्रव्यांची यादीहि पाहावी : एक टक्क्याहून अधिक असलेलीं द्रव्यें उतरत्या क्रमानें लिहिलेलीं असतात, त्याखालचीं कोणत्याहि क्रमानें. पेप्टाइड बहुधा शेवटच्या घोळक्यांत असतें. दहा लाखांत तीन भागांचें द्रव्य तेथें असणें ही लबाडी नव्हे. पण तें तीन भाग आहेत कीं पाव भाग, हें यादीवरून कळावयाचें नाहीं.

ज्यांना वापरावयाचें आहे त्यांच्यासाठीं, धंतोलींतील ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे आम्ही दोघें गेलों त्यांनीं सांगितलेलें थोडक्यांत सांगतों. प्रथम कोपराच्या आंतील बाजूस चार दिवस लावून पाहावें. खाज वा लाली आली तर बाटली मिटावी. चेहरा सौम्य साबणानें धुवून, त्वचा किंचित ओलसर असतांना दोन-तीन थेंब पसरावे, आणि वर नेहमींचें स्निग्ध मलम लावावें. ताम्र-पेप्टाइड आणि तीव्र आम्लाचीं द्रव्यें एकाच वेळीं लावूं नयेत; आम्लांत तांबें सुटून जातें. बारा आठवड्यांपूर्वीं निकाल मागूं नये. आणि हल्लीं कांहीं ठिकाणीं पेप्टाइडें टोंचून घेण्याची टूम निघाली आहे, तिच्या वाटेला घरच्या घरीं कोणींहि जाऊं नये. सुई आली कीं तें प्रसाधन राहत नाहीं.

बाईंनीं दुसरीहि एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून कुटुंबानें माझ्याकडे पाहिलें. वांगांचा आणि पेप्टाइडचा म्हणण्यासारखा संबंध नाहीं. सुरकुतीचें द्रव्य सूनबाईनें वांगांसाठीं आणलें होतें. दुकानदारानेंहि तिला थांबविलें नाहीं. वांगाचा मोठा शत्रु ऊन, आणि तेंहि केवळ न दिसणारे किरण नव्हेत तर दिसणारा प्रकाशसुद्धां. म्हणून त्यांनीं लोहभस्माचा किंचित रंग असलेलें ऊनरोधक मलम लिहून दिलें. उन्हाच्या मलमाला पुरावा मात्र भक्कम आहे. ऑस्ट्रेलियांत नांबूर गांवीं ५५ वर्षांखालील ९०३ माणसांना साडेचार वर्षें पाहिलें. ज्यांनीं तें रोज लावलें त्यांच्या त्वचेचें म्हातारपण, मनास येईल तेव्हां लावणाऱ्यांच्या मानानें, २४ टक्क्यांनीं कमी आढळलें. २०१३ सालीं तें प्रसिद्ध झालें. आणि नांबूरचें ऊन तें केवढें ! आमच्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो आणि बायका भर बाराला भाजी आणावयास बाहेर पडतात.

घरीं परत येतांना रिक्षांत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तीस वर्षांपूर्वीं कोणीं छत्री घे म्हटलें असतें तर ?” मला उत्तर सुचलें नाहीं. छत्री मीं घेत होतों, पावसाळ्यांत.

बाटली तिनें टाकली नाहीं. सूनबाईला वाईट वाटूं नये म्हणून रात्रीं दोन थेंब लावीत गेली आणि ती श्रावणांत संपली. डोळ्यांखालच्या बारीक रेघा कमी झाल्या असें सूनबाई म्हणते. मला तसा फरक दिसत नाहीं, पण माझा चष्माहि जुना आहे. दुसरी बाटली आणावयाची कीं नाहीं, याचा विचार त्या दोघी करीत आहेत. रंगीत मलम मात्र संपण्यापूर्वींच नवें येतें, आणि खुंटीवर आतां एक छत्री बाराही महिने टांगलेली असते.